हो, फळीच आहे ती!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांवर लेख आला होता, छानच होता, त्यावर गेल्या आठवड्यात तुम्ही एका वाचकांचं पत्र छापलंत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की भोपळा निवडून, कोरून, जवारी काढून (घोडी घासून झंकार आणून) जे तयार होतं ते वाद्य, आणि हल्लीची पोरं पाठीला अडकवून फिरतात ती इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसती फळी, तिला तारा लावल्या, वायर जोडली, झालं काम, त्यात कसली आलीय कारागिरी. आधी हसू आलं, मग राहवेना, कारण तसली एक फळी मी आणि माझ्या भाच्याने मिळून घरी बनवलीय, आमची पहिलीच, आणि तिला कोणी फळी म्हटलं तर मला काही वाईट वाटत नाही. फळीच आहे ती, जुन्या सागवानी दाराची, ४५ एमएम जाड. पण 'वायर जोडली, झालं काम' हे मात्र ऐकून घेणार नाही.

फळी का असते ते आधी सांगते. पोकळ गिटारला पिकअप (तारांच्या हलण्याची वीज करणारा भाग) लावून अँपचा, म्हणजे अँप्लिफायरचा, आवाज वाढवला की स्पीकरमधून येणारा आवाज त्या पोकळ पेटीला परत हलवतो, पेटी तारांना हलवते, ते पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतं आणि मग कुईंऽऽ सुरू होतं, लग्नाच्या हॉलमध्ये माईक स्पीकरसमोर गेल्यावर होतं तसं. अमेरिकेत १९३० नंतर बँड मोठे झाले, गिटारवाल्याला बाकीच्या गोंगाटात ऐकू जायचं होतं, आणि ही पेटी आडवी येत होती. रिकनबॅकर कंपनीवाल्यांनी १९३२ मध्ये चक्क ॲल्युमिनियमची ओतीव गिटार बाजारात आणली, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, लोक तिला फ्राइंग पॅन म्हणायचे. लेस पॉल नावाच्या वादकाने १९४०-४१ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात रविवारी, कामगार नसताना, जाऊन चार इंच बाय चार इंचाचा पाइनचा सरळसोट तुकडा घेतला आणि त्यालाच मान, तारा, पिकअप बसवले. आवाज पाहिजे तसा आला पण ते ध्यान बघून लोकांना काही पटेना, मग त्याने एक पोकळ गिटार उभी कापली आणि तिचे दोन अर्धे त्या तुकड्याच्या दोन बाजूंना चिकटवले, निव्वळ दिसायला बरं म्हणून, आवाजाशी त्याचा संबंध नाही. तो स्वतः त्याला 'लॉग' म्हणायचा, ओंडका! आपले पत्रलेखक निदान फळी तरी म्हणतात. गिब्सन कंपनीने हा ओंडका आधी हसण्यावारी नेला आणि १९५२ मध्ये लेस पॉलच्याच नावाची भरीव गिटार काढली, आज जुन्या पीसची किंमत विचारूच नका. त्याच्या आधी १९५० मध्ये लिओ फेंडरने काढलेलीच, हा माणूस कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि त्याला गिटार वाजवताही यायची नाही.

तर पेटीच काढून टाकल्यावर कारागिरी जाते कुठे, ती मानेत जाते. सतारीचे पडदे धाग्याने बांधलेले असतात, राग बदलला किंवा कानाला कमी-जास्त वाटलं की सरकवता येतात. गिटारचे पडदे, म्हणजे फ्रेट, लाकडात खाच पाडून ठोकलेले असतात, एकदा ठोकले की विषय संपला, त्यामुळे स्वर आधी कागदावर मांडायला लागतात आणि मगच करवत हातात घ्यायची. आमच्या गिटारच्या तारेची लांबी, नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरची घोडी), ६४८ एमएम धरली, म्हणजे साडेपंचवीस इंच, फेंडरच्या गिटारींचं नेहमीचं माप. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे तर प्रत्येक वेळी उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं. ६४८ ला भागलं की ३६.३७, तिथे पहिला फ्रेट. उरले ६११.६३, परत भागा, ३४.३३, त्याच्यापुढे तेवढ्यावर दुसरा. असं करत गेलं की बारावा फ्रेट बरोब्बर ३२४ वर येतो, निम्म्यावर, आणि नाही आला तर आकडेमोड कुठेतरी गंडलीय. भाचा दहावीत आहे, गणिताचा तास म्हटला की त्याचं पोट दुखतं, पण बारावा फ्रेट आपोआप निम्म्यावर येऊन बसलेला बघितल्यावर पठ्ठ्याने परत पहिल्यापासून सगळे भागाकार केले, यावेळी ६२८ धरून, बघू या का तेव्हाही येतो म्हणून. आला. मग सारखा विचारत बसला की हा १७.८१७ आला कुठून, ते दोनचं बारावं मूळ समजावताना मलाच घाम फुटला.

आकडे मिळाले तरी मोजायचं कसं यात लोक फसतात. प्रत्येक फ्रेट नटपासून मोजायचा, आधीच्या फ्रेटपासून नाही, नाहीतर प्रत्येक ठिकाणची बारीकशी चूक पुढच्याच्या डोक्यावर चढत जाते आणि वर २१ आणि २२ च्या मधे अंतरच जेमतेम १०.८ एमएम असतं, तिथे ती चूक लहान मुलालाही ऐकू येते. खाचेची रुंदी ०.६ एमएमच्या आसपास पाहिजे, फ्रेटची वायर हातोडीने ठोकल्यावर आत घट्ट धरून बसली पाहिजे. साध्या हॅकसॉ ब्लेडचे दात दोन्ही बाजूंना फाकवलेले असतात, त्याने खाच रुंद पडते आणि वायर डुगडुगते, ब्लेडच्या दोन्ही बाजू ऑइलस्टोनवर घासून ती फाक मारायची, नाहीतर सरळ बारीक करवत मागवायची. वायर निकेल सिल्व्हरची, चांदी फक्त नावाला, आत तांबं, निकेल आणि जस्त, आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात तेच.

शिवाय ताण. सहा तारांचा १० ते ४६ चा (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) साधा सेट सुरात लावला की सगळ्या मिळून ४५ ते ५० किलोने मान ओढतात, रात्रंदिवस, गिटार कोपऱ्यात उभी असली तरी. लाकूड वाकणारच. म्हणून मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, ती पिळून वाक कमी-जास्त करता येतो. १९५० मधल्या फेंडरच्या अगदी सुरुवातीच्या काही गिटारींत हा रॉड नव्हता, पण तो लगेच घालावा लागला. गंमत म्हणजे मान अगदी सरळही चालत नाही, मधे किंचित खोलगट लागते, पाव एमएमच्या आसपास, कारण तार हलते तेव्हा मधेच जास्त हलते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि मधल्या फ्रेटवर फट मोजायची, आम्ही ती गॅरेजवाल्याकडच्या फिलर गेजने मोजली, टॅपेट सेट करायला वापरतो त्याच. तो बिचारा विचारत होता कुठल्या गाडीचं काम आहे.

आणि आता जवारीची गोष्ट, कारण आमच्या पत्रलेखकांनी तीच काढलीय. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा असा घासतात की तार त्यावर निसटती टेकत राहते आणि त्यातून तो झंकार येतो, हे काम किती नाजूक असतं हे मिरजेला जाऊन कोणीही बघावं, सतार आणि तंबोरा दोन्हीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते उगाच नाही. गिटारमध्ये तार एखाद्या फ्रेटला अशीच निसटती लागली की तो दोष, त्याला फ्रेट बझ म्हणतात. म्हणून सगळे फ्रेट ठोकून झाले की त्यांच्या माथ्यावर मार्कर फिरवायचा, मग सपाट पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून हळूहळू घासायचं, जिथली शाई गेली तो फ्रेट उंच, जिथे राहिली तो खाली, सगळीकडची शाई जाईपर्यंत घासत राहायचं, मग चपटे झालेले माथे कानशीने परत गोल करायचे. म्हणजे तिकडेही हातात कानस आणि कान तारेकडे, इकडेही तेच, एक जण झंकार यावा म्हणून घासतो आणि दुसरा तो जावा म्हणून.

नटच्या खाचांचं काम मला जोखमीचं वाटत होतं, म्हणून गिटार घेऊन आम्ही मिरजेतच एका सतार बनवणाऱ्या कारागिरांकडे गेलो, सांगलीहून जवळच पडतं. त्यांनी गिटार उचलून एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली, अंगठ्याने फ्रेट सरकतोय का बघितलं आणि म्हणाले, "हे तर जल्माचं ठोकून टाकलंय की वो ताई." मग कानशींचा डबा काढला आणि सहाही खाचा घासून दिल्या, तारेच्या जाडीएवढीच रुंद, खुंटीच्या बाजूला उतरत जाणारी, प्रत्येक तार छेडून बघून मग पुढची. बॉडी भरीव आहे, भोपळा नाही, यावर ते एक अक्षर बोलले नाहीत, त्यांची नजर पूर्ण वेळ मानेवर होती. पैसेही घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

आता 'वायर जोडली' कडे येते, कारण मी डिप्लोमा कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये काम करते आणि हे वाक्य मला जरा जास्तच लागलं. तारांच्या खाली सहा चुंबकाच्या कांड्या असतात आणि त्यांच्याभोवती इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे साधारण आठ हजार वेढे, तो पिकअप. वाजवायच्या तारा पोलादी, चुंबकामुळे त्याही थोड्या चुंबक होतात, हलल्या की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं ते हेच, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, पोरं पाठ करतात आणि विसरतात. याच गिटारला नायलॉनच्या तारा लावा, मुकी होईल.

वेढ्यांच्या तारेबाबत एक सांगून ठेवते, कोणी करायला घेतलं तर उपयोगी पडेल. नेटवर सगळीकडे ४२ गेज लिहिलेलं असतं, ते अमेरिकन गेज, ०.०६३ एमएम. आपल्याकडे दुकानात गेज म्हणजे एसडब्ल्यूजी, ब्रिटिश गेज, त्यातलं ४२ म्हणजे ०.१ एमएम, इतकी जाड तार की तेवढ्या बॉबिनवर आठ हजार वेढे बसणारच नाहीत. ४६ एसडब्ल्यूजी मागा नाहीतर सरळ एमएममध्ये सांगा. पंखे-पंप गुंडाळणाऱ्याकडे एवढी बारीक तार नसते, आम्हाला रिले आणि छोटे ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याकडून मिळाली, पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेतच. गुंडाळायला आमच्या आईच्या जुन्या शिलाई मशीनची मोटर लावली, आणि वेढे मोजायला साधा कॅल्क्युलेटर, त्याच्या 'बरोबर'च्या बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा) जोडायचा, फिरत्या चकतीवर एक चुंबक, एक अधिक एक दाबून ठेवायचं, मग प्रत्येक फेरीला आकडा एकने वाढतो. तार चिमटीत धरायची, जास्त ओढली की तुटते आणि सैल सोडली की वेढे फुगतात आणि मग तेच वेढे हलून पिकअप शिट्टी मारतो. म्हणून शेवटी पिकअप वितळलेल्या मेणात बुडवतात, मेण गॅसवर थेट नाही ठेवायचं, पेट घेतं ते, पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचा डबा. सगळं झाल्यावर मल्टिमीटर लावला, सहा किलोओहमच्या आसपास दाखवलं की तार शाबूत आहे समजायचं.

असा एका गुंडाळीचा पिकअप घरातल्या ५० हर्ट्‌झच्या विजेची घरघरही इमानदारीत पकडतो, ट्यूबलाइट लावली की जास्तच. त्यावर गिब्सनच्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने १९५५ मध्ये उपाय काढला, दोन गुंडाळ्या उलट दिशेच्या आणि चुंबकही उलटे, मग घरघर एकमेकांत कटते आणि तारांचा आवाज दुप्पट होतो. आम्ही पहिल्या गिटारला एकाच गुंडाळीचा ठेवला, आतल्या खड्ड्याला तांब्याची पट्टी लावून ती अर्थ केली, घरघर बरीच कमी झाली, उरली ती सहन करतो.

लाकडाचं मी थोडक्यातच सांगते कारण त्यावर गिटारवाले जेवढं भांडतात तेवढं कशावरच भांडत नाहीत, हे लाकूड गोड, ते लाकूड उजळ वगैरे. मला विचाराल तर भरीव गिटारच्या आवाजात पिकअप, तारा, मानेचं काम आणि वाजवणारा यांचा वाटा मोठा, बॉडीच्या लाकडाचा अगदीच थोडा, आणि ॲल्युमिनियमची गिटार चालली, डॅनइलेक्ट्रो कंपनीची हार्डबोर्डची चालली, तर आमच्या दाराने काय पाप केलंय. फक्त जुन्या दारात मोडके खिळे राहिलेले असतात, रंधा लावायच्या आधी पिकअपचेच चुंबक वरून फिरवून घ्या. सागवान तेलकट असतं, फेविकॉल लावायच्या आधी जोड थिनरने पुसून घ्यायचा. फिंगरबोर्डला, म्हणजे मानेवरच्या फ्रेटच्या पट्टीला, मात्र शिसवी लावली, मिस्त्रींकडे एक पट्टी पडून होती, आणि हे लाकूड काही परदेशी लाड नाही, ब्राझीलच्या रोजवुडच्या व्यापारावर १९९२ मध्ये बंदी आली पण त्याच्याही आधीपासून जगातले गिटारवाले आपल्या भारतातली शिसवी वापरत आलेत, आपण इथे तिचे पलंग करतो.

आणि घरी बनवलेलं ते शेवटी घरगुतीच, असं कोणाला वाटत असेल तर ब्रायन मेची गिटार बघा. क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवाला, ज्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला आणि तिथे पोरांच्या बँडमध्ये पियानो बडवायचा. ब्रायन १९६३ मध्ये लंडनच्या कडेला राहणारा सोळा वर्षांचा मुलगा, फेंडर घ्यायची ऐपत नाही, वडील हॅरोल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, दोघांनी मिळून घरीच सुरू केलं. मानेला शेकोटीच्या वरच्या जुन्या लाकडी कट्ट्याचं महोगनी, त्याला कीड लागलेली, ती भोकं काड्यापेटीच्या काड्या घालून बुजवली. बॉडीच्या मधे जुन्या टेबलाचं ओक, बाकी ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचा पातळ थर. फिंगरबोर्डही ओकचाच, काळा रंगवलेला. त्यावरचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. ट्रेमोलोला (दांडा दाबून सूर हलवायची सोय) १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. पिकअपही आधी स्वतः गुंडाळले, पण तार ओढून वाजवताना आवाज विचित्र यायचा, मग बर्न्स कंपनीचे तयार आणले आणि ते शिट्टी मारू नयेत म्हणून त्यात अराल्डाइट ओतलं, आपण तुटलेल्या कपाचा कान चिकटवतो तेच. दोनेक वर्षं लागली. तीच गिटार घेऊन हा माणूस २००२ मध्ये राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाला बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर उभा राहून वाजवत होता, आणि २००७ मध्ये खगोलशास्त्राची पीएचडीही केली, पण ते जाऊ दे, भाच्याच्या आईला ही शेवटची माहिती जास्त आवडली.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे, छापाल तर बरं होईल. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, तसं केलं नाही तर घरघर वाढते. त्यामुळे घरातलं अर्थिंग नुसतं नावाला असेल आणि अँपमध्ये काही बिघाड झाला तर करंट थेट वाजवणाऱ्याच्या बोटात येतो. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून तो दोन भोकांच्या बोर्डात खुपसणारी मंडळी मी गणपतीच्या मांडवातही बघितलीत आणि घरातही. पोराला गिटार घेऊन देताना, किंवा बनवून देताना, आधी वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, त्याला फार पैसे पडत नाहीत.

खर्चाचं विचाराल तर लाकूड जवळजवळ फुकट, पैसे गेले ते ब्रिज, खुंट्या, ट्रस रॉड आणि फ्रेटच्या वायरवर, यातलं काही घरी करण्यात अर्थ नाही. सगळ्यात जास्त वेळ गेला मधली रेघ सांभाळण्यात. मानेपासून बॉडीच्या शेवटापर्यंत एकच रेघ मारायची आणि सगळं तिच्यावरून मोजायचं, मान जोडताना नटपासून ब्रिजपर्यंत दोन्ही कडांनी दोरा ताणून बघायचा, एका बाजूला दोरा फिंगरबोर्डच्या बाहेर गेला की ती तार वाजवताना बोटाखालून निसटणार. मिस्त्री म्हणाले चौकट बसवताना ओळंबा धरतो तेवढं तरी बघा, आम्ही त्याच्या दुप्पट बघितलं.

शेवटी एक विनंती. पुरवणीत जागा असेल तर ६४८ एमएम लांबीचं फ्रेटचं कोष्टक छापा ना, नटपासूनची अंतरं, बावीसच आकडे आहेत, पहिला ३६.३७, बारावा ३२४ आणि शेवटचा ४६६.१६, मधले मी तपासून पाठवते. राशिभविष्याच्या निम्मी जागा पुरेल. आणि ज्यांनी ते पत्र लिहिलं त्यांचा पत्ता तुमच्याकडे असेलच, त्यांना कळवा की सांगलीला येणं झालं तर फळी बघायला जरूर या, कानस घेऊन आलात तर सतराव्या फ्रेटला अजून थोडा बझ आहे.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली